जिवणीची पिवळी रेघ : सुप्याच्या माळावरच्या गरुडाची ओळख पटवताना

मार्गशीर्षातल्या संकष्टीला मोरगावच्या मयुरेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही सुप्याला नणंदेकडे निघालो होतो. गाव चार-पाच किलोमीटरवर राहिले असताना गाडीचे मागचे चाक पंक्चर झाले. यजमान स्टेपनी काढू लागले, सासूबाई रस्त्याकडेच्या लिंबाखाली टेकल्या आणि मी कॅमेरा गळ्यात अडकवून बांधापर्यंत गेले. कॅमेरा घेतला होता तो भाच्याच्या वाढदिवसाचे फोटो काढण्यासाठी, पण त्याला ७०-३०० ची, म्हणजे दूरचे जवळ दाखवणारी लेन्स लावलेली होती, हे नशीब. समोर नुकतेच नांगरलेले रान होते आणि त्याच्या मधोमध, ढेकळांच्या रंगाचाच एक प्रचंड पक्षी जमिनीवर बसलेला होता.

मी सासवडच्या एका माध्यमिक शाळेत गणित शिकवते. पक्षी पाहण्याची आवड मला आहे, पण ती अंगणातल्या शिंजीर-बुलबुलांपुरती आणि नदीकाठच्या बगळ्यांपुरती होती. शिकारी पक्ष्यांच्या वाटेला मी कधी गेले नव्हते, कारण घार वगळता सगळे मला सारखेच तपकिरी दिसत. त्यामुळे त्या सकाळी मी फक्त बटण दाबत राहिले. पक्षी माझ्यापासून साधारण साठ मीटरवर असावा. तो बसलेला असताना नऊ फोटो मिळाले. मग साडेदहाच्या सुमारास, ऊन तापून जमिनीवरची हवा वर चढू लागली तशी, त्याने दोन-तीन जड उड्या मारून पंख उघडले आणि तो माझ्या डोक्यावरून गोल घेत वर गेला. एक छोटा काळा कोतवाल पक्षी त्याच्या मागे लागला होता. त्या गडबडीत आणखी पाच फोटो निघाले. त्यांतले तीन बरे होते आणि दोन हललेले होते.

रस्त्याच्या पलीकडे एक मेंढपाळ मामा आपली मेंढरे घेऊन थांबले होते. त्यांना मी विचारले, “मामा, हा कोणता पक्षी?” ते म्हणाले, “ताई, ते हितलं न्हाई. दिवाळी झाली की येतंय, आन् शिमग्याला निघून जातंय. हितलं जे हाय, ते वरीसभर त्या बाभळीवर असतंय.” मी मान डोलावली आणि गाडीकडे परतले. त्या तीन वाक्यांत जवळजवळ संपूर्ण उत्तर होते, हे मला पुढे पंधरा दिवसांनी कळले.

घरी आल्यावर पहिली शंका घारीची होती, आणि ती दूर करणे सोपे होते. घारीच्या शेपटीच्या टोकाला खाच असते आणि ती उडताना शेपटी सुकाणूसारखी सतत वळवत असते. माझ्या पक्ष्याची शेपटी गोलसर, आखूड आणि पंख्यासारखी उघडलेली होती. आकाराचा पुरावा मात्र मला हवा होता, कारण मोकळ्या रानात एकट्या बसलेल्या पक्ष्याच्या आकाराचा अंदाज हमखास चुकतो. तुलना करायला शेजारी काहीच नसते. इथे कोतवाल उपयोगी पडला. हललेल्या दोन फोटोंपैकी एकात गरुडाचे पसरलेले पंख आणि कोतवालाची पूर्ण लांबी, दोन्ही एकाच चौकटीत आली होती. तो फोटो मी छापून घेतला आणि पट्टीने मोजला. कोतवाल अकरा मिलिमीटर आणि गरुड पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहासष्ट मिलिमीटर, म्हणजे बरोबर सहापट. कोतवाल शेपटीसकट सुमारे ३० सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे गरुडाच्या पंखांचा विस्तार १८० सेंटिमीटरच्या आसपास आला. कोतवाल कॅमेऱ्याच्या दोन मीटर जवळ असता तरी साठ मीटर अंतरावर त्याने तीन-साडेतीन टक्क्यांचाच फरक पडला असता. शिवाय गरुडाचे पंख पूर्ण ताणलेले नव्हते, त्यामुळे खरे माप याहून थोडे जास्तच असणार. घारीचा विस्तार फार तर दीड मीटर असतो. घार बाद झाली.

त्यानंतर मी फोनमधल्या एका ॲपला तीन फोटो दाखवले. एकासाठी त्याने तॉनी ईगल सांगितले, दुसऱ्यासाठी इंडियन स्पॉटेड ईगल आणि तिसऱ्यासाठी घार. एकाच पक्ष्याची ही तीन उत्तरे पाहून मी ॲप बंद केले. त्यातून एक गोष्ट मात्र ठरली. आपल्याला काय दिसते ते एकेक अवयव घेऊन कागदावर लिहायचे, आणि प्रत्येक नोंदीने कोणता पक्षी बाद होतो ते पाहायचे. गणितात एखादी गोष्ट सिद्ध करायची असेल तर कधी कधी बाकीच्या सगळ्या शक्यता अशक्य आहेत एवढे दाखवले तरी पुरते. तीच रीत मी इथे धरली.

सुरुवात पायांपासून केली. बसलेल्या पक्ष्याच्या पायांवर मांडीपासून थेट बोटांपर्यंत पिसे होती, जणू सैलसर तपकिरी विजार घातलेली असावी. सर्पगरुडांचे पाय खाली उघडे, खवल्यांचे असतात, त्यांचे डोके मोठे आणि गोल दिसते आणि डोळे पिवळेधमक असतात. माझ्या पक्ष्याचा डोळा गडद तपकिरी होता आणि डोके लांबट होते. त्यामुळे सर्पगरुड गेले आणि पायांवर पिसे असलेले खरे गरुड उरले. अंगावर कुठेही उभ्या रेषा नव्हत्या. शाही गरुडाच्या, म्हणजे इंपीरियल ईगलच्या, पिल्लाची छाती फिकट असते आणि तिच्यावर ठळक उभ्या रेघा असतात, म्हणून तोही गेला. आता चार नावे राहिली: ठिपक्यांचे दोन गरुड, म्हणजे ग्रेटर स्पॉटेड आणि इंडियन स्पॉटेड, आणि मातकट अंगाचे दोन, तॉनी आणि स्टेप.

ठिपक्यांच्या गरुडांचा निकाल नाकपुडीने लावला. त्यांची नाकपुडी गोल असते, तर तॉनी आणि स्टेप यांची लांबट, तिरपी. फोटो मोठा करत गेले तसे चोचीच्या मुळाशी असलेल्या पिवळ्या कातडीत एक काळी तिरपी चीर स्पष्ट दिसू लागली. डाळिंबाच्या दाण्याएवढ्या जागेतली ती चीर पाहण्यासाठी मी पाऊण तास घालवला असेन, पण तो वेळ सार्थकी लागला. गरुडाच्या तोंडाकडे इतक्या निरखून मी आधी कधी पाहिले नव्हते. चोचीच्या टोकाचा काळा रंग मागे येता येता राखाडी होत जातो, मग ती पिवळी कातडी सुरू होते आणि तिच्या खालच्या कडेपासून तोंडाच्या कोपऱ्याची पिवळी रेघ मागे डोळ्याच्या दिशेने जाते. ही रेघ म्हणजे पक्ष्याची जिवणी, आणि पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून होते.

तॉनी आणि स्टेप हे इतके सारखे दिसतात की पूर्वी त्यांना एकच जात मानत असत. नावांतही दोघांचा आपल्या भागाशी संबंध आहे. भारतातल्या तॉनीच्या उपजातीचे शास्त्रीय नाव विंध्य पर्वतावरून ‘विंधियाना’ असे १८३१ मध्ये ठेवले गेले, आणि स्टेपचे नाव ब्रायन हॉजसन यांनी १८३३ मध्ये नेपाळवरून ‘निपालेन्सिस’ असे ठेवले. आकार, पायांवरची पिसे, नाकपुडी, सगळे दोघांत मिळतेजुळते असते. फरक सांगणारी एक खूण जिवणीची आहे. तॉनीची पिवळी रेघ साधारण डोळ्याच्या मध्याखाली येऊन थांबते, स्टेपची डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोहोचते, आणि त्यामुळे स्टेप कायम रुंद तोंडाचा, किंचित रागावल्यासारखा दिसतो.

हे वाचल्यावर मी कंपासपेटीतला गुण्या काढला. छापलेल्या फोटोवर चोचीच्या वरच्या कडेला समांतर रेघ आखली आणि तिच्यावर डोळ्याच्या मध्यातून एक लंब आणि डोळ्याच्या मागच्या कडेतून दुसरा लंब टाकला. पहिल्या फोटोत पिवळी रेघ दोन लंबांच्या मधोमध थांबली. दुसऱ्यात ती मध्याच्याही अलीकडे थांबली. तिसऱ्यात मागच्या लंबाला टेकली. एकाच पक्ष्याची जिवणी तीन फोटोंत तीन ठिकाणी संपत होती. त्या रात्री मी निराश होऊन वही मिटली.

चूक कुठे होती ते दुसऱ्या दिवशी वर्गात आठवीच्या मुलांना छायेची उदाहरणे समजावताना लक्षात आले. काठी तिरपी धरली की तिची सावली आखूड पडते. गरुडाने मान थोडी माझ्याकडे किंवा माझ्यापासून दूर वळवली असेल, तर फोटोतली अंतरे तशीच आखडणार. म्हणजे मोजमाप करायचे तर डोके अगदी आडवे, पूर्ण बाजूने दिसणाऱ्या फोटोवरच करायला हवे होते. नऊ फोटोंतून मी तसे शोधले: ज्यात दुसऱ्या डोळ्याच्या भुवईचा उंचवटा जराही दिसत नाही आणि छातीकडची बाजूही झाकलेली आहे. असा एकच फोटो निघाला. त्यात रेघ डोळ्याच्या मागच्या कडेला पोहोचत होती, पण नेमक्या त्या जागी भुवईची सावली पडली होती. रेघ तिथे संपते की सावलीत हरवते, हे मला खात्रीने सांगता येईना.

आमच्या गावात जीवशास्त्राचे एक निवृत्त शिक्षक राहतात. पक्ष्यांच्या नोंदींच्या त्यांच्या वह्या गेल्या तीस वर्षांच्या आहेत. त्यांना मी मोबाइलवर तोच फोटो पाठवला. त्यांचा उलट निरोप आला: “बाई, यात काही दिसत नाही. मूळ फोटो घेऊन या.” मोबाइलवरून पाठवताना फोटो दाबला जातो आणि चोचीजवळचा सगळा बारकावा त्यात पुसून जातो, हे मला तेव्हा कळले. रविवारी मी कॅमेऱ्याचे कार्डच घेऊन गेले.

सरांनी आधी फोटो पाहिलेच नाहीत. तारीख, जागा, वेळ, पक्षी कुठे बसला होता आणि आजूबाजूला काय होते, एवढे त्यांनी विचारून घेतले. नांगरलेल्या रानात जमिनीवर बसला होता, हे ऐकून त्यांनी मान हलवली. जवळच कोंबड्यांची शेड होती आणि तिच्या मागे मेलेल्या कोंबड्या टाकलेल्या दिसल्या होत्या, हेही मी सांगितले. स्टेप ईगल उंदरांपासून मेलेल्या जनावरांपर्यंत सगळे खातो आणि तासन्तास जमिनीवर बसून राहतो. पण तॉनीही तेच करतो. त्यामुळे सर म्हणाले, “बाई, आपल्या भागात बारा महिने दिसणारा तॉनी आहे. दुसरे काही म्हणायचे असेल तर त्याला भक्कम पुरावा लागेल.” मला ते पटले. जे नेहमी असते ते आधी मानायचे आणि ते खोडून काढायला पुरावा आणायचा, यात कुठेही आडमुठेपणा नव्हता.

बसलेले नऊ फोटो आम्ही पाहिले. सावलीतल्या जिवणीवर सरही थबकले. मग त्यांनी विचारले, “उडतानाचे?” मी तीन बरे फोटो दाखवले. ते सगळे मागून घेतलेले होते, वरची बाजू दाखवणारे. शेपटीच्या मुळाशी एक पांढरा अर्धचंद्र आणि पंखांवर फिकट पट्टे दिसत होते. सर सावरून बसले. “आणि बाकीचे? वाईट आले म्हणून बाजूला टाकलेले?” ते दोन हललेले फोटो मी त्यांना दाखवणारच नव्हते. त्यांतला एक कोतवालाचा होता, त्यातला गरुड निव्वळ काळा आकार म्हणून दिसत होता. दुसऱ्यात पक्षी एका अंगावर कलला होता, पिसांच्या कडा धूसर होत्या, डोके तर ओळखूच येत नव्हते. मात्र कलल्यामुळे पंखाच्या खालच्या बाजूवर ऊन पडले होते. सरांनी उजेड थोडा वाढवला, आणि दोन्ही पंखांच्या खाली, पुढची तपकिरी आच्छादक पिसे आणि मागची गडद उड्डाणपिसे यांच्या मधोमध, काखेपासून जवळजवळ मनगटापर्यंत गेलेला रुंद, पांढरा पट्टा उजळून आला.

सर काही क्षण बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्याकडे वळून सांगितले, “हा स्टेप आहे. आणि पहिल्याच वर्षाचा आहे.” तॉनीच्या पंखाखाली असा पट्टा नसतो. पंखांच्या टोकाची सात पिसे बोटांसारखी स्पष्ट सुटी दिसत होती. त्यानंतर आम्ही पुन्हा त्या सावलीतल्या फोटोकडे गेलो. या वेळी सरांनी सावलीचा भाग उजळला, आणि पिवळी रेघ सावलीच्या आत शिरून डोळ्याच्या मागच्या कडेपाशी संपताना दिसली. माझा मागचा लंब तिला अचूक टेकत होता. दोन वेगवेगळ्या फोटोंतल्या दोन स्वतंत्र खुणा एकच नाव सांगत होत्या, आणि मेंढपाळ मामांचे बोलणे तिसरे होते. आता त्याचा अर्थ मला नीट लागला. बाभळीवर वर्षभर राहणारा तो तॉनी, आणि दिवाळीनंतर येऊन शिमग्याला जाणारा हा पाहुणा. कोणत्याही पुस्तकाच्या आधाराशिवाय त्या माणसाने दोन जाती वेगळ्या ओळखल्या होत्या. त्यांचे नाव न विचारल्याची चुटपुट मला अजून लागून आहे.

पहिल्या वर्षाचा, या शब्दांचा अर्थ घरी आल्यावर मनात उलगडत गेला. स्टेप ईगलची वीण मध्य आशियातल्या गवताळ सपाटीवर होते, कझाकस्तान, रशियाचा दक्षिण भाग, मंगोलिया इथे. घरटे बहुधा जमिनीवर किंवा एखाद्या खडकाच्या उंचवट्यावर असते. म्हणजे मी पाहिलेले ते पाखरू त्याच वर्षीच्या वसंतात घातलेल्या अंड्यातून बाहेर आले होते. सहा-सात महिन्यांच्या आयुष्यात ते हजारो किलोमीटर ओलांडून सुप्याच्या ढेकळांत येऊन बसले होते. याच जातीच्या गरुडांना रशियन अभ्यासकांनी उपकरणे बसवली होती. ती आपला ठावठिकाणा मोबाइलच्या संदेशाने कळवत. २०१९ मध्ये एक गरुड उन्हाळाभर मोबाइलची रेंज नसलेल्या कझाकस्तानच्या भागात राहिला आणि मग इराणात पोहोचल्यावर त्याचे साठलेले सगळे संदेश एकदम, परदेशी दराने गेले. त्या बिलाने प्रकल्पाचे पैसे संपत आले, तेव्हा लोकांनी वर्गणी काढून गरुडांचे रिचार्ज केले. ही हकीकत मी वर्गात सांगितली तेव्हा मुलांनी पहिल्यांदा नकाशावर कझाकस्तान शोधला.

नोंद करताना मात्र हात जड झाला. स्टेप ईगल २०१५ पासून जागतिक पातळीवर ‘संकटग्रस्त’ गणला जातो. तॉनीची स्थितीही चांगली नाही, तोही २०१८ पासून ‘असुरक्षित’ गटात आहे. वीण होते त्या प्रदेशात विजेच्या खांबांवर बसून धक्क्याने मरणाऱ्या स्टेप गरुडांची संख्या मोठी आहे. आपल्याकडे वेगळे संकट आहे. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे गिधाडे संपत आली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठीच्या या औषधावर बंदी आली. पण पुढे राजस्थानात बिकानेरजवळ मेलेल्या स्टेप गरुडांच्या शरीरातही हेच औषध सापडले. गुरांचे मढे जिथे टाकतात तिथे हे गरुड हिवाळ्यात शेकड्यांनी उतरतात. आपण ज्याला ‘पडीक’ म्हणून सात-बारावर लिहितो, तो माळही संकटात आहे. सुप्याला मयुरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारा तिथे मजेत चरतात, पण त्याचा विस्तार जेमतेम पाच चौरस किलोमीटर आहे. माझा गरुड त्याच्या कुंपणाबाहेर, कुणाच्या तरी खाजगी रानात बसला होता. त्याचा हिवाळा अशाच रानांवर, मेंढरे चरतात त्या माळांवर निघतो, आणि ती राने आमच्या डोळ्यांदेखत प्लॉट पाडून विकली जात आहेत. मला याचा फार त्रास होतो.

नोंदीत मी तारीख, वेळ, जागा, संख्या एक आणि वय पहिले वर्ष असे लिहिले, आणि सोबत तीन फोटो जोडले. सगळ्यात वर तो हललेला, धूसर, पंखाखालच्या पट्ट्याचा फोटो ठेवला. दुसरा सावली उजळलेल्या जिवणीचा होता. देखणा, ढेकळांवर ऐटीत बसलेला फोटो तिसऱ्या जागी गेला, कारण ओळख पटवायला त्याचा उपयोग सर्वांत कमी होता. सरांनी आपल्या वहीत एक ओळ लिहिली आणि समोर माझे नाव घातले.

रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा त्या वाटेने गेलो. रान पेरून, काढून पुन्हा मोकळे झाले होते आणि त्यात काहीच बसलेले नव्हते. मेंढपाळ मामाही दिसले नाहीत. परत निघताना ओढ्याकाठच्या एका मोठ्या बाभळीच्या शेंड्यावर मातकट रंगाचा एक गरुड दिसला. मी यजमानांना गाडी थांबवायला सांगितली आणि काच खाली करून दुर्बीण लावली. तो बराच वेळ दुसरीकडे पाहत होता. मग त्याने मान फिरवून डोके अगदी आडवे धरले, आणि पिवळी रेघ डोळ्याच्या मध्याखाली येऊन थांबलेली मला दिसली.